एकतीस नंबरची आई

आमच्या प्रयोगशाळेत तिला सगळे मोजणीबाई म्हणत. मागे नव्हे, तोंडावर. तिलाही त्याचं काही वाटायचं नाही, कारण पंधरा वर्षं ती दुसरं काही करतच नव्हती.

काय मोजायची ते आधी सांगते. मेंदूतल्या पेशीला झाडासारख्या फांद्या असतात आणि फांद्यांवर बारीक काटे. एकेका काट्याच्या टोकाशी दुसऱ्या पेशीचा धागा येऊन टेकतो. ती टेकण्याची जागा म्हणजे सिनॅप्स. आम्ही आपलं 'जोड' म्हणायचो. बोलणं, चालणं, आईचा चेहरा ओळखणं, रुसणं, सगळं या जोडांमधून जातं. कोवळा काटा लांब आणि सडपातळ असतो. पिकला की त्याचं डोकं फुगतं. मोजणीबाई सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर फांदीचा एक तुकडा धरून बसायची आणि त्यावर काटे किती, त्यांतले कोवळे किती, पिकलेले किती, हे लिहून काढायची. मध्यंतरी हे काम करणारं सॉफ्टवेअर विकायला एक टायवाला आला होता. तिने त्याच्यासमोर तेच चित्र स्वतः मोजलं आणि म्हणाली, "तुमच्या यंत्राने धुळीचे तीन कण धरलेत. धुळीला अजून अक्कल फुटलेली नाही." टायवाला परत आला नाही.

मी तिच्या समोरच्या टेबलावर बसायचे. नमुन्यांच्या नोंदी ठेवणं हे माझं काम. कुठलं रक्त कुणाचं, कुठल्या काचेच्या बशीतल्या पेशी कुठल्या रक्तापासून वाढवल्या, ते सगळं माझ्या कुलूपबंद कपाटातल्या वहीत असायचं. मी तिला ताई म्हणायचे. दुपारी आमचे डबे एकत्र उघडायचे. या हकिकतीत माझी काही शोभा राहणार नाही, हे सांगूनच पुढे जाते.

ताईचं घर चालत वीस मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावर. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. घरात सासूबाई आणि एकुलती एक मुलगी, छकुली. छकुली नऊ वर्षांची होती आणि तिला चार शब्द येत होते: आई, पाणी, नको आणि 'इफ'. इफ म्हणजे लिफ्ट. बापाबरोबर लिफ्टमध्ये गेली की आरशाला गाल लावून खुदुखुदु हसायची. जेवण मात्र त्या घरातला रोजचा घोर होता. घास तोंडात गेला की पोरीच्या पापण्या फडफडायच्या, मान मागे जायची, आणि दोन-चार क्षण ती तिथे नसायची. मग पुढचा घास, पुन्हा तेच. एका जेवणाला दीड तास लागायचा. दुखलं-खुपलं तिला नीट कळायचं नाही. एकदा तिने गरम इस्त्रीवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून बसली. वास आला म्हणून ताई धावली.

आणि या सगळ्याचं खापर नऊ वर्षं ताईच्या डोक्यावर फुटत होतं.

ती पोटुशी असताना मेंदूचे तुकडे टिकवण्यासाठी फॉर्मॅलिनमध्ये बुडवायचं कामही तिच्याकडेच होतं. डोळ्यांना झोंबणारा वास. कपड्यांत बसला की दोन धुण्यांत जात नाही. सासूबाईंनी तेव्हा एकदा म्हटलं होतं, "त्या वासात बसू नकोस गं." ते एक वाक्य पुढे त्यांच्यासाठी जन्माची पुंजी झालं. पाहुणा आला, शेजारीण आली, छकुलीने भांडं फेकलं, की त्या पदराला हात पुसत म्हणायच्या, "सांगत होते मी. ऐकलं असतं तर आज पोर शाळेत असती." नणंद तर फोनवरूनही म्हणायची, "वहिनी, दुसऱ्यांचे मेंदू बघता बघता घरचा राहिला." नवरा काही बोलायचा नाही. तो बोलायचा नाही, याचा तिला जास्त राग यायचा.

पण ती उलट उत्तर देत नव्हती, आणि इतकी फटकळ बाई गप्प का बसते हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. तिला स्वतःलाच ते खरं वाटत होतं. छकुली दोन वर्षांची असताना तिने आमच्या सरांना विचारलं होतं. सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख; हुशार माणूस, जगभर व्याख्यानं देणारा.

"सर, फॉर्मॅलिनमुळे असं होऊ शकतं का?"

सरांनी पडद्यावरची नजर हलवली नाही. "नाहीच होणार असं ठामपणे कुणी सांगू शकत नाही," ते म्हणाले.

विज्ञानाच्या हिशेबाने ते वाक्य बरोबर असेलही. ताईने ते धोंड्यासारखं गळ्यात बांधून घेतलं.

छकुली सहा वर्षांची झाली तेव्हा आमच्याकडे नवा अभ्यास सुरू झाला. माणसाच्या मेंदूतले जोड इतक्या सावकाश का पिकतात आणि ती चाल कुठली जनुकं सांभाळतात, असा विषय. त्यासाठी अशी मुलं असलेल्या चव्वेचाळीस घरांमधून रक्त गोळा केलं. मुलाचं, आईचं, बापाचं. त्या रक्तातल्या पेशींना उलटं फिरवून पुन्हा कोवळं करायचं, त्यांच्यापासून बशीत मेंदूच्या पेशी वाढवायच्या आणि त्यांचे काटे मोजायचे. ताईने स्वतःहून नाव दिलं. नवऱ्याला कामावरून अर्धा दिवस सुट्टी काढून आणलं. छकुली सुईला रडली नाही. नळीतून चढणारं रक्त कौतुकाने बघत बसली.

"काही निघालं तर आम्हाला कळेल ना?" ताईने विचारलं.

"सापडलं तर बघू," सर म्हणाले.

चार महिन्यांनी निकाल आले. ते आधी माझ्या हाताखालून गेले. छकुलीचा नमुना एकतिसावा. ज्या जनुकाचं काम जोडांना आवर घालणं, त्याच्या दोन प्रतींपैकी एकीत एक अक्षर गळलं होतं. आईकडे ती चूक नव्हती, बापाकडेही नव्हती. मी कागद घेऊन सरांच्या खोलीत गेले.

"सर, एकतीस नंबर म्हणजे आपल्या ताईंची मुलगी."

"मला नावं सांगू नकोस," सर म्हणाले. "तुझ्याकडे वही आहे ती कुलपात ठेवायला. संमतीपत्र वाचलंयस ना? निकाल कुटुंबांना कळवले जाणार नाहीत, पान तीन. हा संशोधनाचा निकाल आहे, दवाखान्याचा नाही."

"पण सर, ती इथेच—"

"इथेच आहे म्हणूनच. मोजणारी तीच आहे. कुठली बशी कुणाची हे मोजणाऱ्याला कळलं, की मोजणी बाद. सगळा अभ्यास पाण्यात घालायचाय का तुला?"

माझी नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती. आज हे कारण लिहिताना मला माझीच लाज वाटते, पण दुसरं कारण नव्हतं. मी कागद वहीत ठेवला, कपाट बंद केलं आणि दुपारी ताईसमोर डबा उघडला.

मग ती मोजायला बसली. बशांवर फक्त खुणा असायच्या. 'क-सात' नावाची एक बशी होती. चौदा महिने तिने क-सातचे काटे मोजले. निरोगी माणसाच्या पेशीचे काटे बशीतसुद्धा महिनोन्महिने कोवळेच राहतात. क-सातचे काही आठवड्यांत डोकी फुगवून बसायचे.

"ही बशी भलतीच घाईत आहे गं," ती मला सांगायची. कामाचं बोलताना तिचा चेहरा उजळायचा. "अढीत कोंबून पिकवल्यासारखी. बाहेरून पिवळी झाली, आत साखर भरायला वेळच मिळाला नाही. शिकायच्या आधीच जोड घट्ट. ज्या पोराच्या डोक्यात हे चाललं असेल त्याचं काय होत असेल?"

मी डब्यात मान घालून जेवत राहायचे.

शोधनिबंध छापायला जायची वेळ आली तेव्हा सरांनी तिला आकडे तपासायला दिले. निबंधाच्या शेवटी एक तक्ता होता. जनुकात चूक सापडलेली सात मुलं, प्रत्येकाची एक ओळ. नावं अर्थातच नव्हती. तिसरी ओळ अशी: 'नमुना ३१. मुलगी, नमुना घेताना वय सहा वर्षं. खाताना झटके. वेदनेची जाणीव कमी. चार शब्द.' पुढच्या रकान्यात बशीची खूण: क-सात. त्याच्या पुढे निकालाची तारीख.

ती उठून माझ्या टेबलापाशी आली. सकाळचे साडेदहा वाजले असतील. कागद माझ्यासमोर ठेवून तिने तिसऱ्या ओळीवर बोट टेकलं.

"कोण आहे ही?"

मी समोरची नोंदवही मिटली.

"माझी आहे ना?"

"ताई, मला सांगायची परवानगी—"

"तारीख बघ." तिचा आवाज अजून खालीच होता. "तीन वर्षं. तीन वर्षं तू माझ्या डब्यातलं खातेस. मी तुला सांगत होते, सासूबाई काल हे बोलल्या, आज ते बोलल्या. तू मान हलवत होतीस. तुला माहीत होतं आणि तू मान हलवत होतीस."

"सरांनी सांगितलं होतं—"

"सरांनी तुझी जीभ कापून घेतली होती का?"

मग तिने माझी नोंदवही उचलली आणि टेबलावर इतक्या जोराने आपटली, की पलीकडच्या खोलीतली माणसं बाहेर आली. ती तशीच सरांच्या खोलीत गेली. दार उघडंच राहिलं, त्यामुळे पुढचं आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

सरांनी आधी नियम सांगितले. मग संशोधनाला परवानगी देणाऱ्या नीतिसमितीचं नाव घेतलं. मग म्हणाले, "हे बघ, तुझ्या भावना मी समजू शकतो."

"भावना राहू द्या. तुम्हाला मी विचारलं होतं, फॉर्मॅलिनमुळे झालं का. आठवतंय?"

"असेल."

"तीन वर्षांपूर्वी तुम्हाला उत्तर मिळालं. चार पावलांवर मी बसले होते. तुम्ही रोज माझ्या पाठीमागून चहा घ्यायला जात होता. थांबून एक वाक्य बोलायचं होतं, 'तुझं काही चुकलं नाही' एवढंच. त्याला कुठली समिती लागते?"

"सांगितलं असतं तर तुझी मोजणी—"

"माझी पोर घरी घासागणिक बेशुद्ध होतेय, आणि तुम्ही माझ्याकडूनच तिचे काटे मोजून घेताय! मला न सांगता! जनावराच्या बाबतीतसुद्धा आपण फॉर्म भरतो, सर."

सर म्हणाले, कागद देता येणार नाही. दवाखान्यातून रीतसर तपासणी करून घे. तिने कागद मागितलाच नव्हता. जनुकाचं नाव तिला तोंडपाठ झालं होतं. ती त्याच दुपारी छकुलीच्या डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टरीण वयस्क, थकलेली, पण ऐकून घेणारी होती. ताईने चिठ्ठीवर जनुकाचं नाव लिहून पुढे सरकवलं. ते वाचून बाईंनी छकुलीची जुनी फाइल उघडली आणि औषधांच्या पानावर थांबल्या.

"हे मला आधी कळलं असतं, तर मी हे औषध दिलंच नसतं," त्या म्हणाल्या. "अशा झटक्यांत ते कधीकधी उलटं पडतं. कमी करायच्या ऐवजी वाढवतं."

"हे केव्हापासून चालू आहे?"

डॉक्टरणीने तारीख वाचून दाखवली. निकाल माझ्या कपाटात पडल्यानंतर दोन महिन्यांनी ते औषध सुरू झालं होतं.

हे ताईने मला नंतर सांगितलं. सांगितलं म्हणजे माझ्या तोंडावर फेकलं. बरोबरच केलं.

रीतसर तपासणीला सहा आठवडे लागले. रक्ताबरोबर गालाच्या आतूनही पेशी घेतल्या. निकाल तोच. मग डॉक्टरणीने तिला समोर बसवून समजावलं. "चूक तिच्या रक्तात आहे, गालात आहे, अंगातल्या प्रत्येक पेशीत आहे. म्हणजे ती अगदी पहिल्या पेशीतच होती. तुम्हाला दिवस गेलेत हे तुम्हाला कळायच्याही आधी. तुम्ही तिसऱ्या महिन्यात काय हुंगलं, पाचव्यात काय उचललं, याचा काडीइतका संबंध नाही. प्रत्येक मूल जन्माला येताना जनुकांची नक्कल उतरताना झालेल्या पन्नास-साठ नव्या चुका घेऊन येतं. तुमच्यात आहेत, माझ्यात आहेत. बहुतेक निरुपद्रवी जागी पडतात. हिची नेमकी नको तिथे पडली." जाता जाता त्यांनी हेही सांगितलं, की बिघडलेली प्रत बापाकडून आलेली दिसते; त्याच्या स्वतःच्या रक्तात चूक नाही, बीज तयार होताना नकलेत झाली असावी; पण त्याला काही अर्थ नाही, ते कुणाच्या हातात नसतं.

रस्त्यात ती रडली असेल असं मला वाटलं होतं. तसं काही नाही. ती म्हणाली, "माझे कान तापले होते. नऊ वर्षं मी जे ऐकून घेतलं ते सगळं परत ऐकू येत होतं."

घरी सासूबाई छकुलीला भरवत होत्या. पापण्या फडफडल्या, घास सांडला, आणि सासूबाई सवयीने पुटपुटल्या, "त्या वासाने केलं हे."

ताईने पर्स खाली ठेवली नाही. उभ्याउभ्या कागद त्यांच्यापुढे धरला.

"वास नाही. हे बघा, लिहिलंय. मला दिवस गेलेत हे कळायच्या आधीचं आहे. आणि ऐका आई, बिघडलेली बाजू माझी नाही. तुमच्या मुलाची आहे. आता सांगा सगळ्यांना! शेजारणीला बोलवा, वन्संना फोन लावा आणि सांगा, माझ्या मुलामुळे झालं!"

सासूबाईंच्या हातातली वाटी तशीच राहिली. त्या कागदाकडे बघेनात, सुनेकडेही बघेनात. नवरा दारात उभा होता. तो केव्हा आला कुणाला कळलं नव्हतं. हाताला अजून वंगण होतं.

"माझ्यामुळे?" तो म्हणाला.

त्याचा चेहरा बघितला आणि आपण काय केलं ते तिला कळलं. पण ती मला म्हणाली, "खोटं कशाला बोलू, एक क्षण बरंही वाटलं. नऊ वर्षं मी एकटी उभी होते तिथे. म्हटलं, जरा तूही उभा राहा." मग तिने त्याला खुर्चीवर बसवलं आणि डॉक्टरणीने सांगितलेलं सगळं पहिल्यापासून सांगितलं. नकलेतली चूक, कुणाच्या हातची नाही, त्याच्याही नाही. तो ऐकून म्हणाला, "मग हेच मी तुला इतकी वर्षं म्हणायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "हवं होतं."

औषध बदललं. महिन्याभरात जेवतानाचे झटके विसावरून सहा-सातवर आले. छकुली बोलायला लागली वगैरे काही झालं नाही. जोड ज्या घाईने पिकायचे ते पिकून गेले होते; ते कुणी परत कोवळे करू शकत नाही. पण आता ती अर्ध्या तासात जेवायची आणि जेवून झाल्यावर थकून पडायची नाही. ते बघून ताईचा राग निवेल असं आम्हाला सगळ्यांना वाटलं होतं. उलट तो चढला. औषधाने फरक पडतो म्हणजे तीन वर्षं हा फरक पडू शकत होता, हे आता तिला रोज ताटावर दिसत होतं.

आणि ती मोजणीबाई होती. तक्त्यात ओळी सात होत्या.

त्या महिन्यात सरांचं मोठं व्याख्यान झालं. सभागृह भरलेलं, बाहेरगावचे पाहुणे, दुपारची वेळ. सर उत्तम बोलले, ते नाकारता येणार नाही. उंदराच्या पेशीचे काटे काही आठवड्यांत पिकतात, माकडाच्या पेशींना महिने लागतात, आणि माणसाच्या मेंदूचा पुढचा भाग विशी उलटली तरी पुरता पिकलेला नसतो. वीस-तीस लाख वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांमध्ये एका जनुकाची अर्धवट नक्कल झाली. ही अपुरी नक्कल मूळ जनुकाच्या कामात खोडा घालते आणि जोडांचं पिकणं लांबवते. चिंपांझीकडे ती नाही. दुसरं एक जनुक याच कामात आवर धरून बसलेलं असतं; ते बिघडलं की घाई होते, आणि त्याचा पुरावा म्हणून पडद्यावर क-सातचं चित्र आलं. "मित्रहो," सर शेवटी म्हणाले, "जनावर लवकर शहाणं होतं. माणूस उशिरा होतो, म्हणून जास्त शहाणा होतो. उशीर हीच माणसाची कमाई आहे."

टाळ्या पडल्या. प्रश्न विचारा म्हणाले. मागच्या रांगेतून ताई उठली. तिच्या अंगावर अजून प्रयोगशाळेचा कोट होता.

"पडद्यावरचे काटे मी मोजलेत," ती म्हणाली. "ते माझ्या मुलीचे आहेत. मला ते सांगितलं नव्हतं."

सभागृहात कुणीतरी हसू की नको असं हसलं आणि थांबलं.

"तुम्ही म्हणालात, उशीर ही माणसाची कमाई. निकाल आले त्याला तीन वर्षं झाली. सात घरांतल्या सात आयांना वाटत राहिलं, आपणच काहीतरी केलं. मी माझा निकाल दुसरीकडून मिळवला. उरलेल्या सहा जणींना तुम्ही केव्हा सांगणार? की हाही उशीर कमाईतच धरायचा?"

सर म्हणाले, "हा विषय इथे चर्चेला घेणं योग्य नाही."

"मग कुठे घ्यायचा? तुमच्या खोलीत घेतला होता मी."

पाहुण्यांमधली एक पिकल्या केसांची बाई उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "मलाही या प्रश्नाचं उत्तर ऐकायला आवडेल." मग दुसरा एक जण उठला. सरांनी चष्मा काढून पुसला.

त्यानंतर मी पहिल्यांदा एक बरी गोष्ट केली. समितीने चौकशी लावली तेव्हा मी वही घेऊन गेले आणि निकाल कुठल्या दिवशी आले, मी कुणाला सांगितलं, मला काय उत्तर मिळालं, ते सगळं लिहून दिलं. उशिरा केलं. पण केलं.

सरांना काही झालं नाही. त्यांनी नियम मोडलाच नव्हता. नियमच तसा होता. मग नियम बदलला. संमतीपत्राच्या पान तीनवर आता दोन चौकोन आहेत, निकाल हवा किंवा नको. सहा घरांना पत्रं जायला आणखी आठ महिने लागले, कारण पत्रातला प्रत्येक शब्द तीन-तीन जणांनी तपासला. दोन घरांनी पत्ता बदलला होता. ताईला या कामातून काढलं. का, तर मोजणारी आता निःपक्ष राहिली नाही. तिची सगळी मोजणी दोन नवीन माणसांकडून पुन्हा करून घेतली. काट्याला काटा जुळला. ते सांगायला मी उत्साहाने गेले, तर ती म्हणाली, "मला कशाला सांगतेस? मला माहीतच होतं."

पत्रं गेल्यावर काही आठवड्यांनी एक बाई पत्र हातात धरून प्रयोगशाळेत आली. कुणाला भेटायचं हे पत्रात लिहिलेलं होतं, पण तो माणूस जागेवर नव्हता. बाहेर बाटल्या धुवायच्या खोलीत ताई होती. तिला आता तिथे बसवलं होतं. बाईने तिलाच विचारलं. त्या बाईचा मुलगा पाच महिन्यांपूर्वी गेला होता. आंघोळ करताना झटका आला होता.

"आता हे कळून मला काय उपयोग?" बाई म्हणाली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं, ती खरंच विचारत होती. ताईने हात पुसले आणि स्टूल पुढे ओढलं. बाई बसली, पत्राची घडी घातली. मग बाई म्हणाली, "म्हणजे तो पोटात असताना मी पडले होते जिन्यावरून, त्याने नाही झालं?"

"नाही," ताई म्हणाली. "त्याने नाही झालं. तुम्ही काही केलं नाही."

"आमच्याकडे सगळे तेच म्हणायचे."

"आमच्याकडेही."

त्या बाईला फाटकापर्यंत सोडून ताई परत आली, कोट काढून खुंटीला लावला आणि राजीनामा लिहिला. दोन ओळींचा होता. कारणाच्या जागी तिने काही लिहिलं नाही.

आता ती एका रुग्णालयात काम करते. गाठींचे, जखमांचे तुकडे पातळ कापून काचेवर चढवायचे आणि पुढे पाठवायचे. तिथला निकाल तिसऱ्या दिवशी रोग्याच्या हातात पडतो, हे तिने मला दोनदा सांगितलं. सासूबाई आता वासाचं नाव काढत नाहीत. त्यांनी माफी मागितली नाही, पण नणंदेचा फोन आला की त्या आधीच म्हणतात, "त्या विषयावर बोलायचं नाही, सांगून ठेवते." छकुली तेरा वर्षांची झालीय, बापाच्या खांद्याला लागते. दर रविवारी तो तिला घेऊन एखाद्या उंच इमारतीत जातो आणि वरखाली फिरवतो.

मी कधीमधी ताईकडे जाते. गेल्या खेपेला धीर करून विचारलं, "ताई, तुमचा माझ्यावरचा राग गेला का?"

ती छकुलीची वेणी घालत होती. हात थांबले नाहीत.

"नाही गेला," ती म्हणाली. "सरांवरचा एकवेळ जाईल. त्यांना मी कोण होते? तू माझ्यासमोर बसत होतीस."

मी हो म्हटलं. छकुलीने मान फिरवून माझ्याकडे पाहिलं, अर्धी वेणी सुटली, आणि ताईने कंगवा दातांत धरून ती पहिल्यापासून घालायला घेतली.